आमची वाटचाल : भाषणाकडून पेचाकडे

सोसायटीत, कारखान्यात, गावात लोकांना एकत्र बसवून नीती, नेतृत्व आणि शाश्वतता या विषयांवर चर्चा घडवून आणणं हे आमच्या छोट्या फर्मचं काम. कार्यालय पुण्यात, माणसं पाच. पिंपरी-चिंचवड, चाकण, शिरूर, जुन्नर या पट्ट्यात आमच्या बैठका होतात. कामाची पद्धत बसायला वेळ लागला. ती कशी बसली आणि कुठे फसते हे इथे मोकळेपणाने लिहितो आहोत. मंडळांना, वाचनालयांना, सोसायट्यांना यातलं बरंच काही जसंच्या तसं उचलता येईल.

पहिली दोन वर्षं आम्ही व्याख्यानं ठेवली. पुण्यात ते साहजिकच होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. इथला श्रोता ऐकायला तयार असतो आणि वक्त्याची चूकही पकडतो. पण नीतीवरचं व्याख्यान ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. प्रश्नोत्तरांत पहिला हात वर जातो तो प्रश्न विचारायला नाही, तर स्वतःचं छोटं भाषण करायला. स्वागत, दीपप्रज्वलन, परिचय आणि सत्कारात पाऊण तास जातो. शेवटी अध्यक्षीय समारोप असतो, म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं. त्यानंतर कोण काय बोलणार? आम्ही शाल-श्रीफळ आणि समारोप दोन्ही बंद केले. काही संस्थांनी त्यावरून आम्हाला बोलावणं थांबवलं. तरी तो निर्णय आम्ही बदललेला नाही.

भाषणाच्या जागी आला पेच. पेच म्हणजे कुणाला तरी लवकरच घ्यावा लागणारा खरा निर्णय, ज्याच्या दोन्ही बाजूंना समजूतदार माणसं उभी आहेत. तो आम्ही एका पानावर लिहितो : साडेतीनशे शब्द, मोठा टाइप, किमान तीन आकडे, आणि शेवटी एकच प्रश्न. आमच्या कामाचा निम्मा वेळ या पानावर जातो. पत्रक लिहिणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल तर ते पत्रक बाद करतो. लोकांना ते वासावरून कळतं, आणि मग ते अपेक्षित उत्तर देऊन मोकळे होतात. निमंत्रणावर ‘नैतिकता’ हा शब्द छापत नाही. ‘टँकरचे पैसे कुणी किती भरायचे?’ असं छापलं की लोक येतात, आणि दहाव्या मिनिटाला बोलणं न्यायावर आलेलं असतं.

हेच पाण्याचं पत्रक जरा उलगडून सांगतो. एकशे वीस सदनिकांची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे ४८० माणसं. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे दिवसाला ६४,८०० लिटर, दहा हजारांचे साडेसहा टँकर. आता वाटणी कशी करायची? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार सदनिकेतल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर धरलेला आहे. त्यामुळे एकटी राहणारी आजी आणि शेजारचं सहा माणसांचं कुटुंब सारखेच पैसे भरतात. ‘मीटर लावा’ हे उत्तर लगेच येतं. पण जुन्या इमारतीत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडासाला वेगवेगळ्या उभ्या पाइपांतून पाणी उतरतं. एका घराला तीन-चार मीटर लागतात, खर्च त्या पटीत वाढतो, आणि गळका मीटर कुणी दुरुस्त करायचा हा नवा वाद उभा राहतो. पत्रकातलं शेवटचं वाक्य असं : हा टँकर जवळच्या गावातल्या एका विहिरीवर भरतो आणि त्या गावात मार्चनंतर नळाला एक दिवसाआड पाणी येतं. खोलीतली शांतता इथे बदलते. तोवर प्रश्न शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला असतो. आता त्यात या खोलीत नसलेली माणसं येतात. शाश्वतता या शब्दाचा अर्थ आम्ही कधीच समजावून सांगत नाही. या वाक्यानंतर तो समजावायची गरज उरत नाही.

बैठक दोन तासांची. पहिली दहा मिनिटं ओळख आणि नियम, पुढची दहा शांतपणे वाचन. पत्रक घरी आधी पाठवत नाही. निम्मे लोक वाचून येतात, निम्मे येत नाहीत, आणि न वाचलेले गप्प बसतात. मग दहा मिनिटं फक्त खुलाशाचे प्रश्न, मतं नाहीत. वीस मिनिटं चौघाचौघांचे गट. दहा मिनिटं चहा. चाळीस मिनिटं मोठं रिंगण. शेवटची वीस मिनिटं लिहिण्याची : प्रत्येकाने स्वतःचं मत आणि त्याच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा कागदावर मांडायचा. हा दुसरा भाग लोकांना जड जातो, म्हणून तो पक्का ठेवला आहे.

चौघांचे गट मोठ्या रिंगणाच्या आधीच घ्यायचे. उलट केलं तर पहिले तीन बोलणारे पुरुष निघतात आणि मग बायका चहापर्यंत तोंड उघडत नाहीत. चौघांत एकदा बोलून झालं की मोठ्या रिंगणात बोलणं सोपं जातं.

संख्या सोळा ते चोवीस. वीस खुर्च्या गोल मांडल्या तर खुर्चीला सत्तर सेंटिमीटर धरून परीघ चौदा मीटर होतो आणि व्यास साडेचार मीटरच्या आसपास. मागे ये-जा करायला जागा धरली की सात मीटर लांब-रुंद खोली हवी. माणसं तीसच्या वर गेली की दोन रिंगणं करतो. आत पाच खुर्च्या, त्यांतली एक रिकामी. बाकीचे बाहेर बसून ऐकतात, आणि ज्याला बोलायचं त्याने येऊन रिकाम्या खुर्चीत बसायचं. मग आतल्या कुणीतरी उठून जागा रिकामी करायची. ही उठबस सुरुवातीला अवघडल्यासारखी वाटते, पण बाहेरचा माणूस कान देऊन ऐकतो. मंगल कार्यालयाचा हॉल शक्यतो घेत नाही. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, मग माइक लागतो, आणि माइक हातात आला की माणूस उभा राहतो आणि भाषण करतो. वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग बरा. पंख्याखाली पत्रकं उडतात, म्हणून प्रत्येकाला क्लिपचं पॅड देतो.

बोलण्याला दीड मिनिटाची मर्यादा आहे. ती सुलभकाने, म्हणजे बैठक चालवणाऱ्याने, घड्याळाकडे बघून पाळायची नसते. वरिष्ठ माणसाला थांबवताना सुलभकाची जीभ अडखळते. त्यासाठी वाळूचं घड्याळ ठेवलं आहे. बोलणारा ते स्वतः उलटं करतो आणि बोलायला लागतो. वाळू संपली की त्याचं त्यालाच दिसतं आणि सगळ्यांनाही दिसतं. प्रश्न टाकल्यावर शांतता पसरली तर सुलभकाने मनात दहापर्यंत मोजायचं. नवा सुलभक तिसऱ्या सेकंदाला स्वतःच बोलू लागतो. प्रशिक्षणात आम्ही सर्वांत जास्त वेळ या दहा आकड्यांवर घालवतो.

कारखान्यांचं काम वाढलं ते ‘बीआरएसआर’मुळे. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. मोठ्या कंपन्यांकडून त्या अनुषंगाने प्रश्नावल्या पुरवठादारांकडे येऊ लागल्या, आणि भोसरी-चाकणचे छोटे कारखानदार ‘हे नक्की काय भरायचं?’ म्हणून आमच्याकडे आले. फॉर्म भरून देणं आमचं काम नाही. त्या फॉर्ममागचा पेच समोर ठेवणं आमचं काम.

पॉवर प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या यंत्राचं, पत्रक सगळ्यात जास्त वेळा वापरलं गेलं आहे. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच स्लाइड, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येते, म्हणजे हात डायखाली (साच्याखाली) राहूच शकत नाही. एक बटण पाचर मारून दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो, जॉब भराभर सरकतो आणि उत्पादन वाढतं. बोटं जातात ती इथे. पत्रकात प्रश्न असा : ही पाचर कुणाकुणाला दिसते? यादी वाढत जाते : ऑपरेटर, सुपरवायझर, मेंटेनन्स, क्वालिटी, रात्रपाळीचा इन्चार्ज. मग कुणीतरी बोलून जातं की तासाचं टार्गेटच पाचर मारलेल्या गतीवरून ठरलेलं आहे. म्हणजे नुसती पाचर काढा म्हणून भागत नाही. टार्गेट खाली आणावं लागेल, आणि तो अधिकार सुपरवायझरकडे नाही, मालकाकडे आहे. नेतृत्वावरची चर्चा इथे खऱ्या अर्थाने सुरू होते. म्हणून मालकाने सुरुवातीला दोन शब्द बोलायचे नाहीत ही आमची अट आहे. ते शेवटच्या वीस मिनिटांत येतात आणि नाव नसलेले कागद वाचतात. चौघांच्या गटांत कामगार आणि साहेब मिसळत नाही. वेळ पहिली पाळी सुटल्यावरची, पण ती पगारी वेळ धरावी असं करारातच लिहितो. फुकट थांबवलेला माणूस घड्याळाकडेच बघतो.

गावात वेळेचं गणित आणखी वेगळं. संध्याकाळची धार काढून दूध डेअरीला पोचल्याशिवाय कुणी येत नाही, बाजाराचा वार टाळावा लागतो, आणि शेतीपंपांची थ्री-फेज वीज कधी आहे ते आधी विचारावं लागतं. वीज आली की अर्धी बैठक उठून मोटरी चालू करायला जाते, आणि ते बरोबरच आहे. तिथल्या पत्रकाचा पाया पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. उसाला हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला साडेचारशे ते साडेसहाशे. हे आकडे फळ्यावर लिहिले की चारशे मिलिमीटर पावसाच्या गावात कोणाच्या वाट्याचं पाणी कोण उपसतं हे कुणाचंही नाव न घेता दिसतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने असा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवण्याची प्रथा पाडली. त्याचा दाखला आम्ही देतो, पण बैठक संपताना. आधी दिला तर ‘तिथे पोपटराव पवारांसारखे सरपंच होते, आमच्याकडे कोण आहे?’ एवढ्यावर सगळं थांबतं.

सर्वांत मोठा धडा मात्र गडचिरोलीकडून घेतला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावात अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात वाचायचं, विचारायचं, वाद घालायचा; निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. आम्ही पूर्वी चर्चेच्या शेवटी हात वर करून कौल घ्यायचो. त्यामुळे लोक पहिल्या मिनिटापासून बाजू घेऊन बसत आणि कुणाचंच मत हलत नसे. आता आमच्या बैठकीत ठराव होत नाही. सोसायटीत वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण चौदा दिवस लागतात, म्हणून चर्चा त्याच्या आधी तीन-चार आठवडे ठेवतो. विषय नीट शब्दांत नोटिशीवर जातो, आणि सभेत निदान तोच तो खुलासा तीनदा करावा लागत नाही.

आता पैशांचं. दोन तासांच्या बैठकीमागे चौदा-सोळा तासांचं काम असतं : जागा बघणं, चार-पाच जणांशी आधी बोलणं, पत्रक, नंतरचं टिपण. दर दोन तासांचा लावला तर फर्म वर्षभरात बुडते; आमचीही त्या वाटेवर होती. आता दर पूर्ण कामाचा, निम्मी रक्कम आगाऊ. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी केली आणि करार लेखी केला, त्यामुळे बिल जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकतं करा असं कायद्याने मागता येतं. करार नसेल तर ही मुदत पंधरा दिवसांची. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायच्या, पैशांबाबत दोन गोष्टी पक्क्या कळायला हव्यात. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीचा उपक्रम सीएसआरमध्ये बसत नाही, तो प्रशिक्षणाच्या खर्चातून करावा लागतो. आणि एकदाच होऊन संपणारा कार्यक्रमही बसत नाही असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं. म्हणून वस्त्यांमधलं काम आम्ही सहा बैठकांच्या मालिकेचं धरतो. मालिकेने कामही सुधारलं. तिसऱ्या बैठकीपर्यंत लोक एकमेकांचं वाक्य पुरतं होऊ देतात.

शाश्वततेवर बोलायचं आणि मागे कचऱ्याची पिशवी सोडायची हे चालत नाही. कागदी कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून स्टीलचे पेले. चोवीस माणसांना दोन तासांसाठी वीस लिटरचा एक जार पुरतो. फ्लेक्स नाही, कापडी फलक, त्यावर तारीख नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं चालतो.

गेल्या काही काळापासून आम्ही बैठका स्वतः घेण्यापेक्षा स्थानिक सुलभक तयार करण्यावर भर देतो. तीन बैठका बघायच्या, दोन आमच्यासोबत घ्यायच्या, मग एकट्याने. जाताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळते. तिच्यात चोवीस पॅडं, चोवीस पेन्सिली, दोन वाळूची घड्याळं, सहा पत्रकं आणि एक कोरं पान. ते पान त्याने आपल्या गावच्या पेचाचं लिहून आणायचं, आणि ते खोडून आम्ही निदान दोनदा परत पाठवतो.