सातव्या प्लॉटचे चार फूट

मी मोजणीदार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात हद्द कायम मोजणीसाठी, म्हणजे अभिलेखातली हद्द जमिनीवर दाखवायला, गेलो होतो. अर्जदार निवृत्त अंगणवाडी सेविका. ले-आऊटच्या ओळीतला सातवा, शेवटचा प्लॉट त्यांचा. ३० बाय ५०, म्हणजे १५०० चौरस फूट. पायव्यासाठी मिस्त्रीनं दोरी धरली तर रुंदी २६ फूटच भरली. पलीकडे शेताचा धुरा, म्हणजे बांध, त्यामुळे अख्खं गाव शेतकऱ्यावर संशय घेऊन बसलेलं.

नोटिसा, हजेरी, जबाब हे नेहमीचंच. खरं काम दगड शोधण्याचं. रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र, उभं केलं की हद्द दिसते, असा लोकांचा समज आहे. रोव्हर मी उभा आहे ती जागा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सांगतो. तुमची हद्द कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. ती अभिलेखातून जमिनीवर उतरवावी लागते. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, दगडाला सरळ उभं राहू देत नाही. तिसीमेचा, म्हणजे तीन हद्दी मिळतात तिथला, दगड बाभळीच्या बुंध्याशी, वीतभर मातीखाली आडवा सापडला. नुसत्या आडव्या दगडावर विसंबता येत नाही. आणखी दोन दगड आणि जुनी विहीर घेऊन टिपणावरच्या, म्हणजे जुन्या मोजणीच्या कच्च्या आराखड्यावरच्या, मापांशी ताळा जुळवला. "नकाशावर पट्टी ठेवा ना साहेब," असं कुणीतरी म्हणालंच. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. चार फुटांचा वाद त्या रेघेच्या पोटातच मावतो. म्हणून टिपणावरचे आकडे लागतात, आणि त्यासाठी दुपार गेली तरी चालते.

धुरा बरोबर जागेवर निघाला. मग मंजूर ले-आऊट हाती घेऊन ओळीनं मागे गेलो. सहावं घर चार फूट पुढे, पाचवं चार फूट, थेट पहिल्यापर्यंत तेच. पहिल्या घरमालकानं बांधताना नालीसाठी स्वतःच्या प्लॉटातले चार फूट सोडले आणि ३० फूट त्यापुढे मोजले. दुसऱ्यानं पहिल्याच्या कंपाउंडपासून टेप लावला, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या. त्या चार फुटांवर आज ग्रामपंचायतीची सिमेंटची नाली आहे.

पहिल्या सहांपैकी एकाचंही क्षेत्र कमी नाही. काही घरांवर बँकेचं कर्ज आहे; मूल्यांकनाला आलेल्यांनी भिंत ते भिंत टेप धरला आणि सही केली. लांबी-रुंदी सगळ्यांनी मोजली, प्लॉट जागेवर आहे का हे कुणीच पाहिलं नाही. प्लॉट विकणाऱ्यानं कोपऱ्यांवर खुणा रोवून दिल्या असत्या तर हे झालंच नसतं. त्याच्या या कामचुकारपणाचा मला मनापासून राग आहे.

मावशी म्हणाल्या, "साहेब, मी तं पंधराशे फुटाचे पैसे देल्ले. दोनशे फूट गेले कुठी?"

सहाव्या घरचा माणूस रडवेला झाला. "म्या काय चोरी केली काय? मले पाचव्यानं दाखवलं तसं बांधलं."

तो खरं बोलत होता. पण अर्ज एकट्या सातव्या प्लॉटचा. माझ्या 'क' प्रतीवर, म्हणजे अर्जदाराला मिळणाऱ्या मोजणी नकाशावर, अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट एवढंच येणार, आणि त्यात सहाव्याची भिंत चार फूट आत दिसणार. त्याचे स्वतःचे चार फूट पाचव्याकडे आहेत आणि सगळ्याचं मूळ नालीखाली आहे, हे त्या कागदावर येत नाही. मावशी कोर्टात गेल्या तर दावा सहाव्यावर लागेल. तो पाचव्यावर लावेल. मोजणीदार हद्द दाखवतो, कब्जा देत नाही. भिंत पाडा किंवा राहू द्या, हे मी सांगू शकत नाही.

निघण्याआधी सातही जणांना ओट्यावर बसवलं आणि सगळ्या ले-आऊटची मोजणी एकत्र मागा, म्हणजे सरकलेली अख्खी ओळ एकाच नकाशावर येईल आणि तडजोडीला आधार मिळेल, असं समजावलं. मावशी आणि सहावा लगेच तयार झाले. मधल्यांना वाटतं, आपली घरं उभी आहेत, आपण कशाला कागद उकरायचे? पहिला माणूस दुसऱ्या आठवड्यात कार्यालयात आला. नालीची जागा सोडून दिली असं लिहून दिलं तर पंचायत मावशींना दुसरीकडे काही देईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. ते माझ्या अखत्यारीत नाही. त्याला ग्रामसभेत अर्ज द्यायला सांगितलं आणि सोबत जोडायला नालीची मापं लिहून दिली.