मेफ्लॉवरवरची चार भावंडं

गेले काही दिवस, इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्या लोकांच्या मेफ्लॉवर जहाजाबद्दल मिळेल ते वाचतेय. आज लिहून टाकते, नाहीतर रात्री पुन्हा तेच डोक्यात घोळत राहील.

सोबतच्या स्पीडवेल जहाजाला पुन्हापुन्हा गळती लागली. दोनदा बंदरात परतावं लागलं, शेवटी तिला मागेच ठेवलं. या घोळात उन्हाळा सरला. ६ सप्टेंबर १६२० ला मेफ्लॉवर एकटीच प्लिमथहून निघाली, ऐन वादळांच्या तोंडावर. मालवाहू जहाज ते. १०२ प्रवासी डेकखाली दाटीवाटीने, उंच माणसाला ताठ उभंही राहता येऊ नये अशा जागेत. भर समुद्रात मधली तुळई तडकली. हॉलंडहून आणलेला एक मोठा लोखंडी स्क्रू होता, तो खाली लावून तुळई उचलली आणि धीराने पुढे निघाले. जॉन हाउलंड नावाचा तरुण लाटेने बाहेर फेकला गेला, पण शिडाचा लोंबता दोर हाती लागल्यामुळे वाचला. एलिझाबेथ हॉपकिन्स वाटेतच बाळंत झाली. बाळाचं नाव ओशनस ठेवलं. त्या हेलकाव्यांत, त्या कोंदटपणात तिने कळा कशा सोसल्या असतील!

पण माझा जीव अडकलाय तो मोर भावंडांत. एलन ८ वर्षांची, जॅस्पर ७, रिचर्ड ५ आणि मेरी ४. सोबत आई नाही, बाप नाही. ही मुलं आपली नाहीत, बायकोच्या प्रियकराची आहेत, असं सॅम्युअल मोरने ठरवलं आणि त्यांना आईपासून तोडलं. तिने मुलं परत मिळवायला पुन्हापुन्हा धडपड केली. काही उपयोग झाला नाही. परक्या कुटुंबांकडे नोकर म्हणून नेमून देऊन त्यांना जहाजावर चढवलं. एलन विन्स्लोंकडे, जॅस्पर कार्व्हरकडे, धाकटी दोघं ब्रूस्टरांकडे. धर्मासाठी देश सोडणाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात, पण या चौघांना कुणी काही विचारलं होतं का?

६६ दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉडला नांगर पडला. जॅस्पर डिसेंबरमध्ये गेला. त्या हिवाळ्यात निम्मी माणसं दगावली, त्यांत एलन आणि मेरीही. रिचर्ड तेवढा जगला. पुढे तो स्वतःच दर्यावर्दी झाला, सेलममध्ये म्हातारा होईपर्यंत राहिला.

वसाहतीचा गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने नंतर प्रवाशांची यादी लिहिली. ब्रूस्टरांच्या घरापुढे त्याने रिचर्डचं नाव घातलंय आणि पुढे म्हटलंय, ‘त्याचा आणखी एक भाऊ’. तो भाऊ म्हणजे मेरी. चार वर्षांची पोर एवढा समुद्र ओलांडून आली, मेली, आणि यादीत तिचं नाव नाही, ती मुलगी होती हेसुद्धा नाही. तुळईचा तो स्क्रू मात्र त्याच्या नीट लक्षात राहिला. मला याचा फार राग येतो.