शेवटच्या पंगतीची झोप

पतसंस्थेत कॅशवर बसून मला एकोणीस वर्षं झाली. नोटा मोजताना बोटं आपोआप चालतात आणि तोंडातल्या तोंडात आकडा पुढे सरकतो. गेल्या श्रावणात बोटं चालू राहायची आणि आकडाच हरवायचा. गड्डी अर्ध्यावर आली की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढून काहीतरी सरकून जायचं, की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. एकदा समोरच्या आजोबांनी काउंटरची काच वाजवली, "बाई, जाग्या हाय न्हवं?"

हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, सगळं तपासून झालं आणि सगळं बरं निघालं. पाळी गेल्यावर असा थकवा येतोच, असं मला सांगण्यात आलं आणि मीही ते मानलं. मी घोरते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बाईचं घोरणं म्हणजे एकतर हसायचा विषय, नाहीतर लपवायचा. लग्नाच्या हॉलवर मुक्काम असला की सगळ्या बायका झोपल्याशिवाय मी आडवी व्हायची नाही. शेवटी ह्यांनीच एका रात्री मोबाईलवर रेकॉर्ड केलं. घोरण्याची मला लाज वाटली नाही, भीती वाटली ती मधल्या शांततेची. घोरणं एकदम थांबतं, मग काहीच नाही, मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास. ती शांतता मी घड्याळ लावून मोजली. बावीस सेकंद. झोपेत श्वास थांबण्याच्या ह्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये तो वाढतो, हे मला त्यानंतर कळलं.

छातीच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितली. डोक्याला तेल लावायचं नाही, केस धुऊन यायचं, मंगळसूत्र-बांगड्या घरी ठेवायच्या. डोक्याला जागोजागी पेस्ट आणि वायरी, दोन डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायाच्या नडग्यांवर; छातीला आणि पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला चिमटा. अशा अवतारात झोप येणार कशी, असं मी टेक्निशियन मुलीला विचारलं. ती म्हणाली, "येते काकू, ज्यांना हा आजार असतो त्यांना तर येतेच." पाच मिनिटांत आली म्हणे. रात्रीत दोनदा लघवीला उठले, दोन्ही वेळा तिने सगळ्या वायरींचा डबा सोडवून माझ्या हातात दिला.

रिपोर्टवर मी फक्त एक आकडा शोधत होते. एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अडखळला. तो १५ ते ३० मध्ये असला की मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा २१ आला. मध्यम म्हटल्यावर मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी मात्र बोट खालच्या ओळीवर ठेवलं. रेम झोपेत, म्हणजे स्वप्नांच्या झोपेत, हाच आकडा ५४ होता आणि रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

मग त्यांनी झोपेचा नकाशा दाखवला. रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला नाव देतात: एन १ म्हणजे डुलकी, एन २ साधी झोप, एन ३ गाढ, आणि रेम म्हणजे मुख्यतः स्वप्नांची. रेममध्ये मिटल्या पापण्यांआड बुबुळं हलत असतात, पण श्वासाचा पडदा सोडला तर बाकी अंग जवळजवळ लुळं असतं. घशाचे स्नायूही ढिले पडतात, म्हणून तिथेच श्वासाची वाट सगळ्यात जास्त बंद होते. वाट बंद झाली की मेंदू क्षणभर जागा होऊन ती उघडतो. आपल्याला ती जाग सकाळी आठवत नाही, पण झोप मात्र तुटते. माझ्या रात्रीत डुलकी २४ टक्के होती, गाढ झोप ७ आणि रेम ११. धडधाकट माणसाची रेम साधारण २० ते २५ टक्के असते आणि डुलकी पाचाच्या आसपास. म्हणजे मी आठ तास झोपत होते आणि त्यातला पाव भाग जत्रेतल्या एसटीत झोपल्यासारखा.

"स्वप्नं पडतात?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता येईना. शेवटचं स्वप्न कधी पडलं होतं ते आठवेचना. वयाप्रमाणे स्वप्नंही कमी होत असतील असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या स्टडीला नाकावर मास्क आणि सीपॅप मशीन. हे यंत्र औषध देत नाही, ऑक्सिजनही देत नाही. खोलीतलीच हवा दाबाने आत सोडतं, त्या दाबाने घसा मिटत नाही. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग छापला, तेव्हापासून कल्पना तीच आहे. रात्रभर ती मुलगी शेजारच्या खोलीतून दाब थोडा थोडा वाढवत होती. माझा दाब ९ वर ठरला.

आणि त्या रात्री मला वडील दिसले. आमच्या गुऱ्हाळावर, काहिलीशेजारी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मळी काढत होते आणि मला म्हणत होते, लांब हो, चटका बसंल. गुळाचा वास इतका खरा होता की जाग आल्यावर मी मास्क हुंगला. प्लॅस्टिकचा वास आला.

त्या रात्रीचा कागद मी अजून जपून ठेवलाय. डुलकी ६ टक्के, गाढ १८, रेम ३२. पहिला आलेख मोडक्या फणीसारखा दिसत होता, हा घराच्या जिन्यासारखा. रेम जास्तच झाली की, म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ही थकबाकी आहे. वर्षानुवर्षं तुटलेली रेम आणि गाढ झोप पहिल्या काही रात्री शरीर वसूल करून घेतं, मग आपोआप खाली येतं. थकबाकी हा शब्द मला कोणी समजावून सांगायला नको.

महिनाभरासाठी मशीन भाड्याने आणलं आणि तिथे खरी परीक्षा सुरू झाली. पहिला आठवडा बरा गेला. नंतर सकाळी उठावं तर मास्क उशीखाली, कधी जमिनीवर. काढल्याचं मला आठवायचंही नाही. तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली. नातू नळीला सोंड म्हणायचा, ती सोंड पहाटे पलंगाखाली फुसफुसत पडलेली असायची. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरला डिस्टिल्ड वॉटर लागतं, ते संपलं म्हणून दोन दिवस मशीनच लावलं नाही. नाव पाण्याचं, कंटाळा माझा.

मुलाने दिलेलं घड्याळ मात्र रोज सकाळी सांगायचं, गाढ झोप दोन तास. मी खूश. डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले. नाडी आणि हालचालीवरून घड्याळ अंदाज बांधतं. मेंदूच्या वायरी लावल्याशिवाय कुठली झोप कोणती, ते नीट कळत नाही. मशीनमधलं नोंदींचं कार्डसुद्धा झोपेचे टप्पे सांगत नाही. ते तास सांगतं, गळती सांगतं, उरलेला एएचआय सांगतं. माझ्या कार्डावर होतं: सरासरी ३ तास ५० मिनिटं, एएचआय ३.

"तीनच आहे की!" मी म्हणाले.

"मास्क असतो तेवढ्या वेळाचा तीन." त्यांनी कागदावर रात्र काढली. चार-पाच फेऱ्या, पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप भरपूर, रेम पाच-दहा मिनिटांची, पहाटेकडे जावं तशी गाढ झोप आटते आणि रेम लांबत जाते. "तुम्ही अकराला झोपता आणि तीनला मास्क काढता. मशीन पहिल्या पंगतीला बसतं आणि उठून जातं. तुमचा आजार शेवटच्या पंगतीला येतो."

ते ५४ मला तेव्हा खरं कळलं. पहिल्या पंगतीपुरतं मशीन लावून मी माझ्या आजाराचा बरा भाग बरा करत होते.

झोपेत माझं तोंड उघडत होतं, दाबाची हवा तिथून निसटत होती, कोरड त्याचीच होती आणि मास्क ओढून टाकणंही त्याचंच. नाकाचा मास्क बदलून नाक-तोंड दोन्ही झाकणारा घेतला. तो दिसायला भयंकर आहे आणि दोन आठवडे नाकाच्या दांडीवर लाल वळ राहिला, पण हवा निसटायची थांबली. झोपण्याआधी सलाईनचा स्प्रे. आणि ह्यांनी तीनचा गजर लावला, स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या उशाखाली. मास्क सुटलेला दिसला की मला न उठवता परत चढवायचे. पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं काही इतक्या हलक्या हाताने केल्याचं आठवत नाही. एकदा रात्री लाईट गेली तेव्हा मास्कमध्ये कोंदल्यासारखं होऊन मी दचकून उठले. दुसऱ्याच दिवशी मशीन इन्व्हर्टरवर घेतलं.

दुसऱ्या महिन्याअखेर कार्डावर सरासरी ६ तास २० मिनिटं आली. मशीन विकत घेतलं. काउंटरवर गड्डी आता एका दमात मोजून होते, सकाळची डोकेदुखी गेली. वजन होतं तेवढंच आहे, ते वेगळं भांडण.

गेल्या आठवड्यात पहाटे स्वप्न पडलं. दिवसाअखेर कॅश जुळत नव्हती, दोनशे रुपये कमी. तीनदा मोजले, ड्रॉवर उपसला, शिपायावर ओरडले. साडेपाचला घामाघूम होऊन उठले आणि चहा होईपर्यंत चिडचिड गेली नाही. ह्यांना सांगितलं, तर आधी विचारलं, "मास्क होता ना?"

होता.