माझा अनुभव : चाळिशी ओलांडलेल्या शिडाच्या बोटीचा विमा

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात खासगी बोटीचा विमा काढायची कायद्याने सक्ती नाही. सक्ती करतात त्या मरीना, म्हणजे भाड्याने बोटी ठेवायचे धक्के. अॅनापोलिसच्या आसपास जिथे जिथे बोटीसाठी जागा विचारली, तिथे पहिला प्रश्न लांबी किती आणि दुसरा विमा आहे का. किमान तीन लाख डॉलरची लायबिलिटी (आपल्या बोटीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) हवी आणि पॉलिसीवर मरीनाचंही नाव हवं.

आमची बोट १९८४ सालची कॅटलिना ३०. तीस फुटी, एका डोलकाठीची, पोटात छोटं डिझेल इंजिन. या मॉडेलच्या हजारो बोटी बनल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि तिची दुखणीही सगळ्यांना तोंडपाठ आहेत. घेतली साडेअकरा हजार डॉलरला. जुनी मोटारगाडी पडते त्या किमतीत. नवऱ्याला बोट लागते, म्हणून तो या सगळ्या प्रकरणाकडे खर्चाचा रकाना म्हणूनच बघतो. त्याचं मत साधं होतं: "मरीनाला हवी तेवढी लायबिलिटी घे आणि मोकळी हो. बोट बुडाली तर साडेअकरा हजार गेले असं समजू." मलाही हे पटण्यासारखं वाटत होतं. सर्वांत स्वस्त लायबिलिटी पॉलिसी वर्षाला दोनशे डॉलरच्या आत येत होती आणि पूर्ण विम्याचा हप्ता त्याच्या दुपटीहून जास्त.

पण आधी विमा देणारी कंपनी तर मिळायला हवी. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन अर्जात बांधणीचं वर्ष टाकलं की पुढचं पानच उघडेना. २०१७ साली इर्मा आणि मारिया ही चक्रीवादळं आली, मग २०२२ मध्ये इयान. बोटींचं नुकसान झालं फ्लोरिडात आणि कॅरिबियन बेटांवर, पण विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला तो सगळ्यांसाठीच, आणि जुन्या बोटींच्या बाबतीत जास्तच. शेवटी मी फक्त बोटींचेच विमे करणारी एक ब्रोकर गाठली. तिने सगळ्यांत आधी माझा बायोडेटा मागितला. नोकरीचा नव्हे, समुद्रावरचा.

शीड हाताळायला मी शिकले मुंबईत, गेटवेसमोरच्या पाण्यात, एंटरप्राइज जातीच्या छोट्या डिंगीत. ऑक्टोबर ते मे हा तिथला हंगाम, पावसाळा तोंडावर आला की होड्या वर. भरतीची ओढ, मोठ्या जहाजांची ये-जा, दुपारनंतर चढणारा वारा, यातून गेलेल्या माणसाला बरंच काही येतं. कंपनीला त्याचं काही नाही. त्यांना हवं असतं: याआधी स्वतःच्या मालकीची किती फुटी बोट होती आणि किती वर्षं. मुंबईची सगळी वर्षं एका ओळीत संपली. इथे केलेल्या अमेरिकन सेलिंगच्या १०१ आणि १०३ या दोन छोट्या कोर्सेसची प्रमाणपत्रं मात्र ब्रोकरने कौतुकाने वर लावली. असो. कागदाला कागद लागतो.

पुढची पायरी सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी. जुन्या बोटीला हा चुकत नाही. कंपन्या सहसा सॅम्स किंवा नॅम्स या दोन संघटनांपैकी एकीची मान्यता असलेल्याच सर्व्हेअरचा अहवाल घेतात. फी फुटावर असते. मला सातशे डॉलरच्या आसपास पडली, शिवाय बोट क्रेनने बाहेर काढायचा खर्च निराळा. पैसे आपण द्यायचे आणि अहवाल वाचणार कंपनी, त्यामुळे अनेक मालक सर्व्हेअरच्या मागे मागे फिरून बोटीची वकिली करत बसतात. मी उलट केलं. सगळी झाकणं, तळफळ्या, गाद्या आधीच काढून ठेवल्या आणि गप्प उभी राहिले.

माणूस साठीचा, हातात प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी. संपूर्ण डेकवर ठोकत गेला. बहुतेक ठिकाणी टणक आवाज, डोलकाठीच्या बुडाशी मात्र भद्द. तिथे आतल्या लाकडात पाणी शिरलेलं. कील (बोटीच्या तळाखालचा जड पंखा) आणि बोटीचं अंग जिथे जुळतं तिथे पुढच्या बाजूला या मॉडेलची ती प्रसिद्ध बारीक चीर होती. तिच्याकडे त्याने फारसं लक्ष दिलं नाही. त्याचं खरं लक्ष दोन गोष्टींवर होतं. एक, सिंकखालचे दोन व्हॉल्व्ह. बोटीच्या अंगाला भोक पाडून बाहेर जाणाऱ्या नळीवर पक्का सीकॉक (बाहेरचं पाणी खात्रीने बंद करणारा नळ) हवा, तिथे कारखान्यातूनच बसवलेले घरगुती नळासारखे गेट व्हॉल्व्ह होते. फिरवले तर फिरत होते, पण आत झडप खरोखर बंद होतेय का हे कळायला मार्ग नव्हता. दुसरं, डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा. स्टेनलेस स्टीलची तार वरून चकाकत असते आणि जिथे ती टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे आतून, हवा न लागणाऱ्या फटीत गंजते. एका टोकाला त्याने भिंग लावून केसाएवढी चीर दाखवली. तारा मूळच्याच, म्हणजे चाळीस वर्षांच्या. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असं धरतात.

शिवाय मुदत संपलेले फ्लेअर, म्हणजे संकटात इशारा द्यायच्या मशाली (त्या बनवल्यापासून बेचाळीस महिनेच चालतात) आणि बारा वर्षांपेक्षा जुनी अग्निशामक नळकांडी. अहवालात कामांचे तीन गट होते: ताबडतोब, पुढच्या हंगामाआधी आणि जमेल तेव्हा. कंपनीने पहिल्या गटासाठी साठ दिवस दिले आणि काम झाल्याचं माझ्या सहीचं पत्र मागितलं. सर्व्हेअरने बोटीचा बाजारभाव लिहिला तेरा हजार.

आता खरी निवड. ब्रोकरने तीन प्रस्ताव पाठवले. त्यातला एक लगेच बाद झाला, कारण तो अॅक्च्युअल कॅश व्हॅल्यूचा होता, म्हणजे घसारा वजा करून पैसे देणारा. चाळीस वर्षांच्या डोलकाठीला घसारा लावल्यावर हातात काय उरणार? उरलेले दोन अॅग्रीड व्हॅल्यूचे. यात बोट पूर्ण गेली तर ठरलेली रक्कम मिळते, वाद नाही. पण यातही बारीक अक्षरांत असतंच, की शिडं, कॅनव्हास, बॅटऱ्या यांचं सुटं नुकसान झालं तर घसारा लागेल.

एका प्रस्तावात ठरलेली किंमत पंधरा हजार आणि दुसऱ्यात बारा हजार, हप्ता जवळपास सारखा. नवरा म्हणाला, यात विचार कसला? मी दोन्ही पॉलिसींचा मूळ मसुदा मागवला. जाहिरातीचं पान नव्हे, पूर्ण मसुदा. तो न देणाऱ्या कंपनीकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

झीज, गंज, कुजणं हे कुठलाच विमा भरून देत नाही. प्रश्न त्यापुढचा असतो. समजा सिंकखालच्या नळीवरची गंजलेली पट्टी रात्री तुटली आणि सकाळपर्यंत बोट जागेवरच तळाला गेली. पट्टी तीन डॉलरची, ती आपली. बोट कोणाची? पंधरा हजारवाल्या पॉलिसीत लिहिलं होतं, की झिजेमुळे झालेलं नुकसान आणि त्यातून उद्भवणारं पुढचं नुकसान, दोन्ही वगळलं आहे. म्हणजे जुनी बोट ज्या कारणाने बुडण्याची सर्वांत जास्त शक्यता, नेमकं तेच बाहेर. बारा हजारवालीत पट्टीचे पैसे नव्हते, पण त्यामुळे बोट बुडाली तर पूर्ण रक्कम होती.

आणि साडेअकरा हजारावर हिशेब थांबत नाही, हे इथे लक्षात आलं. बुडालेली बोट तिथेच सोडता येत नाही. पाणबुडे, हवेच्या पिशव्या, क्रेन, बार्ज आणि शेवटी मोडीत काढायचा खर्च. हे बिल बोटीच्या किमतीच्या वर सहज जातं. टाकीत वीसेक गॅलन डिझेल असतं, ते पाण्यावर पसरलं की १९९० च्या तेलप्रदूषण कायद्याखाली मालक जबाबदार, चूक असो वा नसो. स्वस्त लायबिलिटीवाल्या पॉलिसीत सांगाडा काढायच्या खर्चाचा उल्लेखच नव्हता. पंधरा हजारवालीत तो बोटीच्या रकमेतूनच वजा होणार होता. बारा हजारवालीत तो लायबिलिटीखाली वेगळा होता आणि इंधनगळतीची रक्कम आणखी वेगळी. ही ओळ मी नवऱ्याला वाचून दाखवली. त्यानंतर तो पंधरा हजारांचं काही बोलला नाही.

ब्रोकरने एक खटलाही वाचायला सांगितला. २०१९ साली फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ एक यॉट जमिनीला लागली. आग वगैरे काही नव्हती. कंपनीने दावा नाकारला, कारण आग विझवण्याच्या यंत्रणेची तपासणी वेळेवर झाली नव्हती आणि तशी अट पॉलिसीत होती. ग्रेट लेक्स विरुद्ध रेडर्स रिट्रीट हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं, की सागरी करारात कोणत्या राज्याचा कायदा लागू हे लिहिलेलं असेल तर ते सहसा पाळलं जाईल. तिथे न्यूयॉर्कचा कायदा लिहिलेला होता. मालकाला हवं असलेलं पेनसिल्व्हेनियाचं ग्राहकसंरक्षण त्यामुळे हातचं निसटत होतं. हे वाचल्यावर माझी नवी नळकांडी त्याच आठवड्यात भिंतीवर लागली, आणि पावत्यांची फाइल तयार झाली.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. वावर चेसापीक बे हा इथला उपसागर आणि त्याला मिळणाऱ्या नद्या यांच्यापुरता. नोव्हेंबर ते मार्च बोट किनाऱ्यावर, त्याबद्दल हप्त्यात सूट; इंजिनातलं पाणी काढून अँटिफ्रीझ भरल्याची पावती मात्र हवी, नाहीतर गोठून फुटलेलं इंजिन आपलं. गुहागरकडच्या आमच्या आजोळी पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, इथे तेच थंडीआधी. नाव दिलेल्या वादळात नुकसान झालं तर भरपाईतली आपण सोसायची रक्कम दुप्पट, पण आधीच बोट बाहेर काढली तर निम्मा खर्च कंपनीचा. सप्टेंबर २००३ मध्ये इझाबेल चक्रीवादळाच्या वेळी अॅनापोलिसला पाणी ओहोटीच्या पातळीवर सात फुटांहून जास्त चढलं होतं, धक्क्याला बांधलेल्या बोटींचं काय होतं ते तेव्हा लोकांनी पाहिलं. बुधवारच्या संध्याकाळच्या शर्यतींत भाग घेतला तर डोलकाठी आणि शिडांचं संरक्षण कमी होतं. मी शर्यत करत नाही.

टोइंग, म्हणजे अडकलेली बोट ओढून नेण्याची सेवा, वेगळं घेतलं, वार्षिक सदस्यत्व. चेसापीकची सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट आणि आमचं कील सव्वापाच फूट खाली जातं. कधी ना कधी चिखलात रुतायचंच. तेव्हा मदतीला आलेल्याचा दोर हातात घेण्याआधी विचारायचं, हे टोइंग की साल्व्हेज. साल्व्हेज, म्हणजे संकटातली बोट वाचवणं, म्हटलं की मोबदला वाचवलेल्या मालमत्तेच्या किमतीवर ठरू शकतो, आणि तिथे मूळ पॉलिसी लागते.

बारा हजारांची पॉलिसी घेतली. व्हॉल्व्ह मुदतीत बदलले, तारा हिवाळ्यात. त्यांचं बिल साडेतीन हजारांच्या पुढे गेलं. ते पाठवल्यावर ब्रोकरने विचारलं, ठरलेली किंमत वाढवून देऊ का? मी दोन आकडे मागितले. किंमत तीन हजारांनी वाढवायला जेवढा हप्ता वाढत होता, त्याच्या निम्म्यात लायबिलिटी तीन लाखांवरून पाच लाखांवर जात होती. लायबिलिटी वाढवली, किंमत बारा हजारच ठेवली.