दोरी कुठाय?

आमच्या पाच वर्षांच्या नातीला वस्तू खाली पडण्याचं काही कौतुक नाही. गॅलरीतून चमचा टाकला, पडला. वाटी टाकली, पडली. खालच्या काकूंनी मान वर करून बघितल्यावर कार्यक्रम आटोपला. तिची शंका वेगळीच. "आजोबा, खालीच का? बाजूला का नाही पडत?"

"पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढते," मी ठोकून दिलं. ती कठड्याच्या गजांतून निरखून बघू लागली. "मग दोरी कुठाय?"

मी गप्प. पण या प्रश्नापुढे अडकणारा मी काही पहिला नव्हे. मधे काहीच नसताना ओढ लागते कशी, हे न्यूटनलाही त्याच्या काळातले विद्वान विचारत होते. 'प्रिन्सिपिया' या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत त्यानं सरळ लिहून टाकलं की कारण मला सापडलेलं नाही, आणि उगाच तर्क मी लढवत नाही. किती जोरानं ओढते याचं गणित चोख, कशानं ओढते याला हात वर! न्यूटनला ते शोभतं. आजोबांची मात्र इभ्रत जाते.

म्हणून मी प्रयोगावर घसरलो. घरात कंदी पेढ्यांचा बॉक्स होता. सतरंजी अंथरली, एका हातात पेढा, दुसऱ्या हातात बॉक्समधला बटर पेपर. "आधी कोण?" "पेढा!" बरोबर. कागद डुलत डुलत, सवडीनं आला. मग तोच कागद चुरगळून घट्ट गोळी केली आणि पुन्हा दोन्ही सोडले. टप्प! एकदम. तिचे डोळे विस्फारले. कागद तेवढाच, वजन तेवढंच, फक्त हवेला अडवायला जागा उरली नाही. "परत!" पाचव्या पेढ्याला आतून आवाज आला, "अहो, ते खायला आणलेत." १९७१ साली चंद्रावर, जिथं हवाच नाही, एका अंतराळवीरानं हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकाच वेळी टेकले, हेही सांगून टाकलं. तिला काळजी वेगळीच: "पीस परत आणलं का?"

मग पावसाळ्यात पाटणजवळ सडावाघापूरला गेलो, उलटा धबधबा बघायला. तिथं दरीतून वारा असा उसळतो की कड्यावरून निघालेलं पाणी खाली न जाता तुषार होऊन वर उडतं.

"आजोबा, इथं पृथ्वी ओढत नाही!" ती किंचाळली. पेढ्यांची मेहनत पाण्यात!

"ओढते गं. पण वारा तिच्यापेक्षा जोरात ढकलतोय. रस्सीखेच चाललीय दोघांची."

"म्हणजे रस्सी आहे!"

माझीच जीभ. तेवढ्यात वारा जरा पडला, आणि वर गेलेलं सगळं पाणी आमच्या डोक्यावर आलं. छत्री केव्हाच उलटी झाली होती. नातीनं तळहात पुढे करून एक थेंब झेलला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या तळहाताच्या खालून, अगदी सावकाश, फिरवून पाहिली.