पहिला फिशटँक: पैसे कुठे घालायचे?

दुकानात नवख्या गिऱ्हाईकाच्या हाती बहुतेक वेळा गोल काचेचं भांडं आणि दोन गोल्डफिश येतात. हे घेऊ नका. गोल्डफिश वीतभर वाढतो, घाणही फार करतो, आणि तेवढ्याशा पाण्यात ती घाण बघता बघता विषारी पातळीला जाते.

सुरुवातीला 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच टँक बरा. त्यात वापरातलं पाणी साधारण 45 लिटर मावतं. पाणी, खडी आणि काच धरून वजन 65 किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीपॉय किंवा भिंतीतली फळी विसरा. टँकखाली थर्माकोल हवाच; खाली एखादा खडा राहिला तर काच तिथेच तडकते.

खरा खर्च फिल्टरवर करा. गप्पी, मॉली, प्लॅटी अशा छोट्या माशांना स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरतो. बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजातून ओढलं जातं आणि स्पंजात वाढलेले जिवाणू घाणीतून आणि कुजलेल्या खाद्यातून होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच), मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले की दुसऱ्या आठवड्यात मरतात ते यामुळेच. दोष बिचाऱ्या खाद्यावर जातो. जिवाणू जमेपर्यंत रोज चिमूटभर खाद्य टाकून टँक माशांशिवाय चालू ठेवा आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच थोडे मासे आणा. चाचणी किट महाग वाटतं, पण शोभेच्या प्लास्टिक किल्ल्यापेक्षा ते आधी घ्यावं. स्पंज नळाखाली कधीच धुवू नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळला की झालं.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खाली ठेवायचाच असेल तर नळीत नॉन-रिटर्न (एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून फरशीवर येतं. व्हॉल्व्ह उलटा बसला की हवाच जात नाही, म्हणून आधी फुंकून बघा: पंपाकडच्या तोंडातून हवा आरपार जायला हवी, टँककडच्या तोंडातून अडायला हवी.

मुंबई-कोकणात हीटर बहुधा लागत नाही. पुणे-नाशिकच्या थंडीत 50 वॅटचा थर्मोस्टॅटवाला घ्या. बंद केल्यावर वीसेक मिनिटं पाण्यातच राहू द्या, तापलेली काच बाहेर काढली की फुटते. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

खडी दहाएक किलो पुरे. संगमरवरी नको, तिने पाण्यात क्षार वाढून ते जड होतं. शंका असेल तर टँकबाहेरच खडीवर व्हिनेगर टाका, फेस आला तर ती परत करा. एलईडी दिवा दिवसाला सहा-सात तास. झाकण घ्याच, मासे उड्या मारतात. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटिक्लोर, थर्मामीटर आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी काढायला सायफन नळी. बादली मात्र वेगळी ठेवा, साबण कधीही न लागलेली.