आमची वाटचाल : मालट्रकपासून जुन्या स्पोर्ट्‌स कारपर्यंत

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकत्र येतात, आणि त्यावरून धावणाऱ्या मालट्रकांच्या भरवशावर आमच्या वडिलांनी येथे टायरचे दुकान थाटले. रावेर-यावलची केळी नि कापसाच्या गाठी वाहून गोटा झालेल्या टायरांवर नवे रबर चढवणे हेच तेव्हाचे मुख्य काम होते आणि आजही दुकानाचा संसार त्यावरच चालतो.

जुन्या स्पोर्ट्‌स कारचे काम आले तेही महामार्गामुळेच. इंदूरकडे निघालेल्या एका एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या मालकांना मूळ मापापेक्षा रुंद टायर हवे होते. ही गाडी १९६२ साली बाजारात आली तेव्हा तिला ५.६०-१४ मापाचे (५.६० इंच रुंद, १४ इंची रिमचे) क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धागे एकमेकांवर तिरपे असलेले, टायर असत. पुढे १५५ किंवा १६५ मिलिमीटर रुंदीचे, १४ इंची रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ गेलेले, टायर आले. टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, हे प्रमाण जुन्या रेडियलवर छापलेले नसे, ते साधारण ८० टक्के धरायचे. त्या हिशेबाने १६५ चा टायर सुमारे ६२० मिलिमीटर उंच भरतो, तर रुंद १९५/६० चा (१९५ मिलिमीटर रुंद, कडेची उंची त्याच्या ६० टक्के) ५९० च्या आसपास. म्हणजे चाक जवळपास पाच टक्के लहान होते, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, त्याच वेगाला इंजिन अधिक फिरते आणि टायरच्या जादा रुंदीमुळे पॉवर स्टिअरिंग नसलेल्या या गाडीचे स्टिअरिंग उभ्या जागी वळवताना हात भरून येतात. हे सारे कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी १६५ चेच टायर घेतले, आणि त्यांच्या ओळखीने पुढची गिऱ्हाइके आली.

तारांची चाके असतील तर आम्ही ट्यूब घालतोच, कारण तारांची टोके रिममधून आरपार आलेली असतात आणि तेथून हवा निसटते. ट्यूबला ती टोचू नयेत म्हणून रिमवर रबरी पट्टीही बसवावी लागते. एकाच आसावर एका बाजूला क्रॉसप्लाय आणि दुसऱ्या बाजूला रेडियल, अशी जोडी आम्ही लावत नाही. वळणावर दोघांची पकड वेगळी पडते.

मापाइतकीच आम्ही वयाची चौकशी करतो. अशा गाड्या वर्षातून थोड्याच धावतात, त्यामुळे नक्षी शाबूत राहते. पण खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे रबरही आतून कडक होत असते. टायरच्या कडेला ‘डीओटी’ (अमेरिकी वाहतूक खात्याची खूण) या अक्षरांपुढच्या ओळीतले शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात : ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी असे आम्ही सांगतो, आणि दहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही चांगली दिसली आणि गिऱ्हाईक कितीही जवळचे असले तरी, स्टेपनीलासुद्धा बसवत नाही.